उंच माणसाची बैठक

३ सप्टेंबर, मंगळवार

ही वही मी माझ्या मर्जीने लिहीत नाहीये. तेविताने लिहायला लावलीय. तेविता म्हणजे बर्नी गावात पाठदुखीवर उपचार करणारा टोंगन गडी. मनगटं माझ्या पोटरीएवढी. आज त्याने मला पालथं झोपवलं, कमरेत कोपर रोवलं आणि विचारलं, "वीबे, सकाळपासून कुणाकुणावर चिडलास?"

"आत्ता तुझ्यावर."

"आणि?"

मी सांगायला लागलो. शेजाऱ्याचा कोंबडा. टपालवाला. माझी बायको जॅनिन, कारण तिने माझी खुर्ची हलवली. तपासणीची वेळ संपली तरी माझं सांगणं संपलं नव्हतं. तेविता म्हणाला, "हे सगळं तू कमरेत धरून ठेवतोस. रोज लिहून काढ. दुखणं किती आणि राग कशाचा." 

घ्या. सहा फूट पाच इंच उंची, सव्वीस वर्षं दुधाचा टँकर चालवला, कण्यातली एक गादी सरकलीय, डाव्या पायाला मुंग्या येतात आणि औषध काय, तर शाळकरी पोरीसारखी रोजनिशी.

खरा राग वेगळाच आहे. तो म्हणाला, "एक तर मोटरसायकलवर बसायची पद्धत बदल, नाहीतर मोटरसायकल सोड. पाऊल बधिर होऊ लागलं की मी काही करू शकत नाही. पुढे शस्त्रक्रिया."

एकोणीस वर्षं माझ्याकडे ती लाल गाडी आहे. वेगाची गाडी, खाली झुकलेलं हँडल. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाकडून शेवटी काय काय काढून घेणार आहेत हे लोक?

८ सप्टेंबर, रविवार

जॅनिनने माझा गाडीवर बसलेला फोटो काढला. तेविताला बाजूने काढलेला हवा होता. फोटो बघून ती हसत सुटली.

"काय झालं?"

"काही नाही. उंदीर गिळलेला अजगर आठवला."

मी फोटो पाहिला. गुडघे काखेत, छाती टाकीवर, पाठीची कमान आणि समोरचं दिसावं म्हणून मान वर मुरडलेली. एकोणीस वर्षांत कुणी फोटो काढला नव्हता, ते बरंच होतं.

"ही गाडी पाच फूट आठ इंचाच्या माणसाला बेतलीय," जॅनिन म्हणाली.

"हे तुला कुणी सांगितलं?"

ती भांड्यांकडे वळली. मग भांडी विसळता विसळता म्हणाली, "फेमकेला विचार ना. तिचा धंदाच तो आहे."

हे नाव या घरात घ्यायचं नाही, असं मी मार्चपासून सांगतोय. आमची मुलगी एकतीस वर्षांची आहे, पेंग्विन गावात राहते आणि गाड्यांचे धक्के झेलणारे दांडे दुरुस्त करते. मार्चमध्ये जॅनिनच्या वाढदिवसाच्या जेवणाला तिने चार पाहुण्यांदेखत मला अक्कल शिकवली. मी उत्तर दिलं. ती ताट ठेवून निघून गेली. सहा महिने झाले, फोन नाही. मी का करू?

तशीही ती घरी आली की माणसासारखी बसायची नाही. टेबलाशी खुर्ची रिकामी आणि ही ओट्याला टेकून उभ्याने जेवणार. मी तिला बगळा म्हणायचो. आईबापांसोबत दोन घटका बसणं जड जात असेल, तर येऊ नये.

दुखणं: दहात सात.

१४ सप्टेंबर, शनिवार

लॉन्सेस्टनला जाऊन आलो. मोठ्या माणसाला मोठी गाडी, हे कुणालाही कळतं. तिथल्या विक्रेत्याने एक लांबलचक काळी गाडी दाखवली. बसायची जागा खाली, पाय पुढे पसरलेले, हँडल मागे आलेलं. आरामखुर्चीच.

"साहेब, तुम्ही राजासारखे दिसता," तो म्हणाला. त्याची उंची माझ्या बरगडीपर्यंत.

आठवडाभर चालवून बघायला दिली आहे. येताना सपाट रस्त्याला छान वाटलं. घरी आल्याबरोबर जॅनिनला म्हटलं, "बघ. मला कुणालाही विचारावं लागलं नाही."

"कंबर कशी आहे?"

"उत्तम."

१५ सप्टेंबर, रविवार

दुखणं: दहात अकरा.

हेलियरच्या दरीत रस्ता फुटलेला. पाय पुढे असले की माणूस खड्ड्यावर उठू शकत नाही, हे त्या बुटक्याने सांगितलं नाही. खुर्चीत बसलेला माणूस आणि पोत्यात भरलेला बटाटा, दोन्ही सारखेच. प्रत्येक दणका थेट माकडहाडात. त्यात वारा छातीला धरून मागे ढकलतो, म्हणून हात ताणून हँडलला लोंबकळायचं. कंबर मागे गोल होते, आणि गादी सरकलीय नेमकी तिथेच.

चौथ्या खड्ड्यानंतर उतरलो आणि रस्त्याकडेच्या नेच्यांत आडवा झालो. वीस मिनिटं. एक बाई गाडी थांबवून म्हणाली, "अहो, जिवंत आहात ना?" मी म्हटलं, "दुर्दैवाने." बिचारी घाबरून निघून गेली.

आता मला तिच्यावर चिडल्याचंही वाईट वाटतंय. हेही लिहायचं का, ते तेविताने सांगितलं नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

काळं धूड परत केलं. विक्रेता म्हणाला, "सवय होते हो." मी त्याला काय म्हणालो ते लिहीत नाही.

तेविताने आज स्टुलावर बसवून समजावलं. गुडघे कमरेच्या खाली पाहिजेत, वर नाहीत. पावलं साधारण बुडाखाली, म्हणजे खड्डा आला की पायांवर उठता येतं. पाठ उभी, किंचित पुढे, एवढीच की वारा तिला टेकू देईल. कोपरं सैल. मनगटावर वजन नाही. "जेवायला ताठ बसलेला माणूस," तो म्हणाला.

"अशी गाडी सहा फूट पाचसाठी कोण बनवतं?"

"बनवत नाहीत. बनवून घ्यावी लागते. इथे कुणी असेल की तसं काम करणारं." आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला त्याचाही राग आला.

जॅनिनशी सकाळी भांडण. ऑगस्टमध्ये बहिणीच्या गुडघ्याच्या निमित्ताने ती दहा दिवस होबार्टला जाऊन बसली होती आणि मी डब्यातल्या शेंगा खाऊन राहिलो. आता नोव्हेंबरात पुन्हा जायचं म्हणते. म्हटलं, "त्या गुडघ्याला काय सोन्याची वाटी बसवलीय?" तर डोळे पुसत आत गेली. बायकांना बहिणी फार प्रिय असतात.

२ ऑक्टोबर, बुधवार

आज काहीतरी झालं. नीट लिहितो.

सॉमरसेटला क्लाइव्हच्या दुकानात साखळीचं तेल आणायला गेलो. क्लाइव्ह माझा टँकरच्या दिवसांपासूनचा मित्र, आता मोटरसायकली दुरुस्त करतो. मी लाल गाडीवरून उतरलो, म्हणजे आधी एक पाय, मग टाकीला मिठी मारून थोडा वेळ, मग दुसरा पाय. क्लाइव्ह हातातला पाना ठेवून बघत होता.

"लेका, तुला उतरताना बघून माझी कंबर दुखायला लागली," तो म्हणाला. "मागे ये."

मागच्या छपरात ताडपत्रीखाली एक करडी गाडी होती. उंच, मोठ्या चाकांची, कच्च्या रस्त्याला चालणारी. मी म्हटलं, "हे घोडं कुणाचं?"

"एका गिऱ्हाईकाचं. बस."

बसलो.

काय लिहू? पाय खाली सोडले, तर पावदान होतं, मला हवं तिथे. दोन्ही पावदानं मूळ जागेपेक्षा चार बोटं खाली आणली होती, घडीव लोखंडाच्या पट्ट्यांवर. हँडल वर उचललेलं आणि माझ्याकडे वळवलेलं. तारा नव्या, लांब. बैठक सपाट आणि रुंद, पुढे उतार नाही, म्हणजे माणूस टाकीवर घसरत नाही. वाऱ्याची काच इतकी उंच की वारा डोक्यावरून जावा. मी जेवायला बसल्यासारखा ताठ बसलो होतो आणि काहीच दुखत नव्हतं. हे इतकं अचानक झालं की मी उतरायचंच विसरलो. क्लाइव्हने माझं तोंड बघू नये म्हणून मी आरसा पुसत बसलो.

"कुणी केलंय हे काम?"

"आहे एक. उंच आहे. स्वतःसाठी केलं, चार वर्षं एकेक इंच सरकवत."

"मग तो चालवत का नाही?"

क्लाइव्हने हात पुसले. फार वेळ पुसले. "तब्येत. वर्षभर तरी बसायचं नाही. तोवर तू फिरव. गाडी उभी राहिली की खराब होते."

"त्याला विचारलंस?"

"त्या माणसानेच सुचवलं," तो म्हणाला आणि पुढे गिऱ्हाईक नसतानाही पुढे निघून गेला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दहा दिवस. दुखणं सात, सहा, पाच, चार. पायाच्या मुंग्या गेल्या नाहीत, पण कमी आहेत. रोज तासभर चालवतो. आज टेबल केपच्या ट्यूलिपच्या शेतांकडे निघालेल्या पर्यटकांनी रस्ता अडवला आणि मी चाळीस मिनिटं त्यांच्या मागे राहिलो. एकदाही हॉर्न वाजवला नाही.

जॅनिनला म्हटलं, "हा जो कुणी आहे ना, त्याला अक्कल आहे. त्याने हे दुखणं भोगलंय. बाकीचे नुसतं बोलतात."

जॅनिन कांदा चिरत होती. म्हणाली, "हो. भोगलंय."

"तुला काय माहीत?"

"तूच म्हणालास ना आत्ता." डोळ्यांतून पाणी. कांदे यंदा तिखट आहेत.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दोन पानं फाडली. हे तिसरं.

सकाळी दूरवर निघालो, तुल्लापर्यंत. पहिल्यांदाच शंभर किलोमीटर न थांबता. पंपावर पेट्रोल भरत होतो, तर लाकडाच्या ट्रकचा एक ड्रायव्हर हसत हसत आला.

"अरे वा! फेमकेची गाडी! ऑपरेशन होऊन तीन महिने नाही झाले आणि चालवायलाही लागली? कुठेय ती?"

मी म्हटलं, "कुणाची गाडी?"

"फेमके हुकस्ट्राची. ही पट्टी आमच्या वर्कशॉपात घडवली तिने. तुम्ही कोण?"

मी पैसे टेकवले. टाकीचं झाकण लावलं आणि निघालो. पूर्ण रस्ता मी ओरडत होतो. शिरस्त्राणात माणूस ओरडला की आवाज स्वतःच्याच कानात फिरतो.

क्लाइव्हच्या दुकानात जाऊन किल्ली भिरकावली. डब्यांच्या मांडणीवर आपटली.

"सगळे मिळून मला खेळवताय? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

क्लाइव्ह तीस वर्षांत माझ्यावर ओरडला नव्हता. आज ओरडला. "हो, आहेस! तिने सांगितलं, माझी आहे म्हणून कळलं तर तो बसणार नाही. चूक होती का ती? बोल ना! अंथरुणावर पालथी पडून पोरगी मला फोनवर सांगत होती, हँडल अजून दोन बोटं वर घे क्लाइव्ह, बाबाचे हात लांब आहेत."

घरी आलो. जॅनिन दारातच उभी होती. क्लाइव्हचा फोन आला असणार.

"होबार्टला कुणाचा गुडघा होता?" मी विचारलं.

"गुडघा नव्हता. फेमकेची पाठ होती. दोन मणके जोडले."

"मला का नाही सांगितलं?"

"तिने शपथ घातली होती."

"मी बाप आहे तिचा!"

"सात वर्षं ती उभ्याने जेवते, वीबे." जॅनिन ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "सात वर्षं. बसलं की पायात कळ जायची तिच्या. तुझीच पाठ आहे ती, तुझ्याकडूनच आलीय. आणि तू तिला काय म्हणायचास?"

मला माहीत होतं मी काय म्हणायचो.

आता ते मार्चचंही लिहितो. इतके दिवस टाळलं. ती म्हणाली होती, "बाबा, ती गाडी तुझी पाठ मोडतेय. मी तुला नीट करून देते." आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझ्या पाठीवर आयुष्यात कशाचा भार पडला नाही. नवरा नाही, पोर नाही. तू मला दुखणं शिकवू नकोस." ती ओट्याशी उभी होती. हातात ताट होतं.

कुणावर चिडू आता? यादी संपली.

२० ऑक्टोबर, रविवार

पेंग्विनला गेलो. त्याच गाडीवरून, कारण लाल गाडीवर बसवेना. किल्ली क्लाइव्हकडून मागून आणावी लागली. त्याने ती डब्यांमागून शोधून दिली.

फेमकेने दार उघडलं. छातीपासून कमरेपर्यंत पट्टा बांधलेला. बारीक झालीय. आत घेतलं नाही. दार अर्धं धरून उभी राहिली.

"आईने सांगितलं?"

"ट्रकवाल्याने."

"छान. म्हणजे आईही नाही सांगू शकली."

मी घोकून आलो होतो, ते सगळं विसरलो. म्हटलं, "गाडी फार चांगली केलीस."

आणि ती जी सुटली! मला वाटायचं, घरात रागीट मी एकटाच. "गाडी? गाडी चांगली केली? तेराव्या वर्षी मी वर्गात सगळ्यात उंच होते आणि वाकून चालायचे, तेव्हा तू माझ्या पाठीत धपाटा घालायचास. ताठ चाल, टेलिफोनचा खांब! पंधराव्या वर्षी तुझ्या त्या लाल भंगारावर तुझ्यामागे बसवून स्ट्राहनपर्यंत नेलंस. मी म्हटलं बाबा दुखतंय, तर म्हणालास, हुकस्ट्रा रडत नाहीत! मी चार वर्षं ती गाडी इंचाइंचाने जुळवली, कारण मला विचारायला कुणी नव्हतं. ज्याला विचारायचं, तो मला बगळा म्हणायचा!"

शेजारची म्हातारी कुंपणापाशी आली होती. फेमके तिला म्हणाली, "काही नाही, माझे वडील आहेत." म्हातारी म्हणाली, "हो, उंचीवरून वाटलंच," आणि तिथेच उभी राहिली.

 मी खिशातून किल्ली काढली. "जातो," म्हटलं, आणि गाडीवर बसलो.

"थांब."

ती पायऱ्या उतरून आली. हळू, कठड्याला धरून. मी मदतीला उतरू लागलो, तर म्हणाली, "हलू नकोस. तसाच बस." मग बाजूला उभी राहून बराच वेळ बघत राहिली. दारात होती तीच चिडलेली नजर, पण आता माझ्या खांद्यांवर, कोपरांवर.

"खांदे कानाला का लावलेत? सोड. अजून. कोपरं बाहेर. हनुवटी आत घे. बूड मागे. वजनाने बैठक दबलीय, तू माझ्याहून तीस किलो जास्त आहेस." वाकता येत नव्हतं तिला, म्हणून पायाच्या अंगठ्याने माझं पाऊल पावदानावर मागे सरकवलं. "पावलाच्या मधोमध नाही. पुढचा फुगीर भाग टेकव. खड्डा दिसला की ढुंगण बोटभर उचलायचं. कळलं?"

"कळलं."

"बैठकीतला फोम बदलावा लागेल. गुरुवारी आण."

"आणतो. फेमके..."

"आज नको, बाबा. आज मला अजून ओरडायचंय, आणि टाके दुखतायत."

दार लावून घेतलं. म्हातारी मला म्हणाली, "गुरुवारी किती वाजता?"

७ नोव्हेंबर, गुरुवार

फेमकेची तीन महिन्यांची तपासणी, होबार्ट. जॅनिन नेणार होती. मी म्हटलं, मी नेतो, मोटारीने. फेमके आईला म्हणाली, "चालेल," मला नाही.

मधले दोन गुरुवार मी पेंग्विनला गेलो. फोम बदलला, पट्ट्या घट्ट केल्या. ती सांगायची, मी वाकायचो. घरात एकदाच गेलो, पाणी प्यायला. तिच्या घरात जेवणाचं टेबल नाहीये. खिडकीजवळ छातीएवढ्या उंचीची एक फळी ठोकलीय. 

तिला सलग चाळीस मिनिटांपेक्षा जास्त बसता येत नाही. मलाही नाही. डेव्हनपोर्टला थांबलो, लॉन्सेस्टनच्या अलीकडे थांबलो, कॅम्पबेल टाउनला कालवं भरलेले पॅटिस घेतले आणि मोटारीच्या टपावर ठेवून उभ्यानेच खाल्ले. मला त्या गाडीच्या कारखानदाराचा राग आला, पुढची जागा कुणाच्या मापाने बनवतात म्हणून. मी मोठ्याने बोललो. फेमके म्हणाली, "सरासरी माणसाच्या." मी म्हटलं, "तो सरासरी माणूस मला एकदा भेटू दे."

रॉसच्या पुढे पुन्हा थांबलो. आजूबाजूला नुसती कुरणं आणि मेंढ्या. दोघं कुंपणाला पाठ लावून उभे राहिलो, हात मागे तारेवर, कंबर पुढे. ती करते तसं मीही केलं. आराम पडतो.

एक शेतकरी ट्रॉली जोडलेल्या ट्रॅक्टरवरून आला आणि थांबला. "काय हो, गाडी बिघडली का?"

"गाडी ठणठणीत आहे," फेमके म्हणाली. "आम्ही बिघडलोय."

तो ट्रॅक्टरवर बसूनही आम्हा दोघांकडे जवळजवळ सरळ समोरच बघत, मान हलवून निघून गेला. फेमके हसायला लागली आणि हसल्यावर पाठ दुखली म्हणून शिव्या द्यायला लागली. हुबेहूब माझ्या शिव्या. त्याच क्रमाने.

मी तारेवरचा हात सोडला नाही. मेंढ्यांकडे बघत म्हटलं, "मार्चमध्ये मी बोललो ते खोटं होतं. आणि त्याआधीचंही. स्ट्राहनला तू रडत होतीस, ते मला आरशात दिसलं होतं. तरी मी थांबलो नाही. माझं चुकलं, फेमके."

 एक मेंढी येऊन आमच्याकडे बघून गेली.

"आरशात दिसलं होतं?"

"हो."

"हे मला माहीत नव्हतं." तिचा आवाज पुन्हा कडक झाला. "बाबा, मी अजून रागावलेली आहे. आता जरा जास्तच."

"राहा."

"फार दिवस राहीन."

"राहा," मी म्हटलं. "बसवत नाही तोवर उभ्याने राहा. मी आहे इथे."

तिने घड्याळ पाहिलं. उठायची वेळ झाली होती, म्हणजे आमच्या बाबतीत बसायची. आधी तिला दार धरून आत बसवलं, पाठीमागे उशी लावली. तिने ती काढून दोन बोटं खाली सरकवली आणि म्हणाली, "इथे. लक्षात ठेव, अजून दोनदा लावायचीय."